तळहातावरील तसबिरी

१५६४ सालची गोष्ट. स्कॉटलंडच्या मेरी राणीचा वकील जेम्स मेलव्हिल लंडनच्या दरबारीं आला होता. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीनें त्याला आपल्या शयनगृहांत नेऊन एक पेटी उघडली. आंत कागदांत गुंडाळलेल्या चिमुकल्या तसबिरी होत्या आणि कागदांवर राणीनें स्वतः नांवें घातलीं होतीं. त्यांत एक लेस्टरच्या उमरावाची निघाली. हाच उमराव मेरीनें वरावा, असा एलिझाबेथचा त्या वेळचा आग्रह! तेव्हां मेलव्हिलनें ती तसबीर आपल्या राणीसाठीं मागितली. एलिझाबेथनें साफ नकार दिला. आपल्यापाशीं त्याची ही एकच आहे, असें तिचें म्हणणें. नवरा देऊं करणारी बाई त्याचें चित्र मात्र देईना, यावरून मेलव्हिलला जें समजावयाचें तें समजलें असावें.

भिंतीवरील चित्र दिवाणखान्यांत येईल त्याचें. हें मात्र ज्याच्या मुठींत त्याचें.

इंग्लंडांत ही कला आली ती हस्तलिखित ग्रंथ चितारणाऱ्या कारागिरांबरोबर. घेंट शहरचा लुकास होरेनबाउट हा त्यांपैकींच. तो आठव्या हेन्रीच्या पदरीं राहिला. पुढें होल्बाइननें १५३९ सालीं क्लीव्हजच्या अ‍ॅनची जी लहान तसबीर काढली, ती जेमतेम पावणेदोन इंचांची असून हस्तिदंती डबींत बसते. वकिलांच्या शब्दावर आणि होल्बाइनच्या कुंचल्यावर भरंवसा ठेवून हेन्रीनें न पाहिलेल्या मुलीशीं सोयरीक केली. जानेवारी १५४० मध्यें लग्न लागलें. जुलईंत तें रद्दही झालें.

पण या कलेचा खरा धनी निकोलस हिलियर्ड. एक्झिटर येथें सोनाराच्या घरीं जन्मलेला आणि स्वतः सोनारकाम शिकलेला. त्याची कृति ऐका. वासराच्या कातड्याचा घोटून पातळ केलेला तुकडा पत्त्याच्या पानावर खळीनें चिकटवावयाचा. डिंकांत कालविलेले रंग शिंपल्यांत ठेवावयाचे. कुंचला खारीच्या केसांचा. सोनें लावलें कीं तें एका लहान प्राण्याच्या दांतानें घोटावयाचें. माणिक दाखवावयाचें तर घोटलेल्या चांदीवर रंगीत राळेचा थेंब तापल्या सुईनें बसवावयाचा. (ती चांदी आतां पुष्कळ ठिकाणीं काळवंडली आहे.) १६०० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत तो बजावतो कीं, काम करतांना रेशमी वस्त्र घालावें, म्हणजे तंतू रंगांत पडत नाहींत; डोक्यांतील कोंडा पडूं देऊं नये आणि बोलतां बोलतां चित्रावर थुंकी उडवूं नये. आम्हां मास्तरांना हा शेवटचा नियम जड गेला असता!

राणी आपलें चित्र काढवून घेण्यास बागेंतील उघड्या वाटेवर बसली, झाडाची सावली कोठें पडणार नाहीं अशा जागीं, हेंही त्यानेंच लिहून ठेवलें आहे. सावली आली कीं चेहऱ्यावर खळगे आणि सुरकुत्या दिसतात. या निवडींत कलेपेक्षां वयाचा विचार अधिक असावा, असें मला वाटतें.

पुढें अशी एक तसबीर हिंदुस्थानांतही आली. १६१६ सालीं अजमीरच्या मुक्कामीं इंग्रज वकील सर टॉमस रो यानें आपल्याजवळील एक लहान चित्र जहांगीर बादशहास दाखविलें. आपले चितारी याची हुबेहूब नक्कल करतील, असें बादशहा म्हणाला. रो यास तें पटेना. कांहीं दिवसांनीं रात्रीं मेणबत्तीच्या उजेडांत त्याच्यापुढें एका फळीवर तशीं सहा चित्रें मांडण्यांत आलीं. रो यानें आपलें ओळखलें खरें, पण त्याला कष्ट पडले, आणि हें पाहून बादशहा मोठा खूष झाला.