इंग्रजीतला हरवलेला 'तू'

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला पहिल्याच इयत्तांत एक कोडं पडतं. 'आर' हे अनेकवचनाचं क्रियापद, असं बाई सांगतात. 'वी आर', 'दे आर' इथवर ठीक. पण समोर एकच माणूस उभा असताना 'यू आर' का? 'यू इज' का नाही? 'तसंच असतं, पाठ कर', हे बहुधा मिळणारं उत्तर. मोठ्यांची तक्रार वेगळी. इंग्रजीत मानमर्यादाच नाही, बापाला 'यू' आणि पोरालाही 'यू', सगळ्यांना सरसकट 'तू', असं मी कविसंमेलनांतही ऐकलं आहे.

मी भाषाशास्त्रज्ञ नाही. शब्दांवर जीव असलेला एक साधा बी. ए. माणूस. पण एवढं नक्की सांगू शकतो, की या दोन्ही शंकांचं उत्तर एकच आहे. 'यू' म्हणजे 'तू' नव्हेच; 'यू' म्हणजे 'तुम्ही'.

जुन्या इंग्रजीत एकाला 'दाऊ' म्हणत आणि अनेकांना 'यी' किंवा 'यू'. पुढे, साधारण तेराव्या शतकापासून, फ्रेंचांच्या रीतीचा परिणाम होऊन एकट्या मोठ्या माणसालाही आदरानं अनेकवचन वापरू लागले. आपण नाही का 'बाबा आले' म्हणत? बाबा एकच, क्रियापद मात्र अनेकवचनी. 'यू आर'मधला 'आर' म्हणजे 'तुम्ही आहात'मधला 'आहात'.

मग 'दाऊ' उरला जिवलगांसाठी, धाकट्यांसाठी आणि अपमानासाठी. १६०३ साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यानं भर न्यायालयात त्याला मुद्दाम 'दाऊ' म्हणून हिणवलं. आपल्या 'अरे-तुरे करणे'साठी तेव्हा इंग्रजीत 'दाऊ' हेच क्रियापदही होतं.

याच शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी उलट वाट धरली. देवापुढे सगळे सारखे, मग न्यायाधीश असो की जमीनदार, प्रत्येकाला 'दाऊ'च म्हणायचं. त्यापायी त्यांनी लोकांचा राग आणि मारही सोसला. एका सर्वनामासाठी!

अखेर प्रमाण इंग्रजीतून 'दाऊ' गेला. काही बोलींत आणि प्रार्थनेत तेवढा राहिला. आज तो ऐकताना भारदस्त वाटतो, पण मुळात तो जवळिकीचा शब्द. आपण आईला 'तू' म्हणतो, विठ्ठलाला 'तू' म्हणतो. दुआ मागताना आम्ही अल्लाहलाही 'तू'च म्हणतो. थोडक्यात, इंग्रजांनी आदर सोडला नाही. त्यांनी सगळ्यांनाच 'तुम्ही' केलं आणि 'तू' मात्र गमावला.

अठराव्या शतकात एका माणसासाठी 'यू वॉज' असं लिहिणारे चांगले शिकलेले लोकही होते. १७६२ साली रॉबर्ट लाउथच्या व्याकरणानं त्याला चूक ठरवलं आणि ते प्रमाण लेखनातून हळूहळू गेलं.

आता असाच वाद 'दे'चा. 'एव्हरी स्टुडंट शुड ब्रिंग देअर बुक' हे बरोबर की चूक? पुष्कळ शिक्षक त्यावर लाल रेघ ओढतात. पण एकासाठी 'दे' वापरायची रीत चौदाव्या शतकापासूनची आहे. 'ही' म्हणजे 'तो', त्यातच 'ती'ही आली, असं मानायचा आग्रह व्याकरणकारांनी धरला. ब्रिटिश संसदेनं १८५० साली कायद्यांच्या भाषेपुरता तसा नियमच केला. आपल्याकडच्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्येही तो आहे. पण बोलणाऱ्यांनी 'दे' सोडला नाही. २०१९ साली मेरियम-वेबस्टर या अमेरिकन कोशानं 'दे' हाच वर्षाचा शब्द म्हणून निवडला. परीक्षेत मात्र जोखीम नको असेल, तर 'ऑल स्टुडंट्स' लिहावं. मग 'देअर'ला कुणाचीच हरकत नाही.

इंग्रजीच्या धाकानं वर्गात गप्प बसणारी आपली मुलं पुष्कळ आहेत. त्यांना 'पाठ कर' म्हणण्याआधी एवढं सांगावं, की ज्याला 'बाबा आले' म्हणता येतं, त्याला 'यू आर'चं मर्म घरातच कळलेलं आहे.