बुडत्याला काडी नको, दोन डबे द्या!

शेतकरी बंधूंनो, उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की गावातली पोरं विहिरीवर जमतात. कुणाच्या कमरेला भोपळा, कुणाच्या पाठीला डबा, कुणाच्या काखेत ट्यूब. तुम्ही-आम्ही असेच पोहायला शिकलो. बापाने किंवा चुलत्याने दोर बांधला, मागून ढकलून दिलं, संपलं. पण तो भोपळा आपला भार पेलणार का, हे आधी कुणी तपासलं होतं का? बहुतेकांचं उत्तर 'नाही' असंच येईल.

किल्लारीच्या शिवारात काय आणि इतर गावांत काय, विहिरींच्या जोडीला आता शेततळी आली आहेत. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि मराठवाड्यात तळी वाढली. मोठं तळं ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल. त्यात प्लॅस्टिकचं अस्तर असलं तर ओल्या उतारावर पाय ठरत नाही. शेवाळ धरलं तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. एक घसरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही खाली जातात. म्हणून काठावर तरंगणारी वस्तू हवी, आणि तीही पारखून घेतलेली हवी.

लाटेवरची फळी आणि आपला पांगारा

ही पारख समुद्राकाठच्या लोकांनी फार पूर्वी केली. हवाई बेटांवर फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे येण्याचा खेळ शेकडो वर्षांचा जुना. तिथल्या सरदारांच्या लांब फळ्या विलीविली नावाच्या झाडाच्या हलक्या लाकडाच्या असत. हे झाड म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा भाऊबंद, दोघांचं कूळ एकच! आपल्याकडे पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधत, तो याच गुणासाठी.

हा खेळ २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्येही आला. आता फळ्या फोमच्या असतात आणि पुष्कळ फळ्यांवर लांबी-रुंदीसोबत 'इतके लिटर' असंही छापलेलं असतं. लाट जोरदार असली तर तीच माणसाला पुढे रेटते, तिथे सडपातळ फळी चालते. लाट लहान, मरगळलेली असली तर मात्र रुंद, जाड, जास्त लिटरची फळी घ्यावी लागते. पाणी मदत करत नाही, तेव्हा भार फळीनेच उचलायचा असतो. आपल्या विहिरीत आणि तळ्यात तर लाटच नाही. तेव्हा आपलाही पहिला प्रश्न हाच: किती लिटर?

हिशेब सोपा आहे. एक लिटर बंद हवा पाण्याखाली गेली की साधारण एक किलो भार उचलते. त्यातून वस्तूचं स्वतःचं वजन वजा करा. माणसाचं अंग पाण्यात जवळपास तरंगतंच, आधार लागतो तो डोकं वर ठेवायला. मोठ्या माणसाच्या साध्या लाइफ जॅकेटची उचल ७० न्यूटन, म्हणजे सुमारे ७ किलो असते. पाच लिटरचा एक डबा यात कमी पडतो, दोन पुरतात.

काय घ्यावं, काय टाळावं

वाळलेला भोपळा हलका खरा, पण विहिरीच्या दगडावर आपटला की तडकतो आणि पाणी धरतो. पांगारा फुटत नाही, मात्र लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. भिजून राहिलं की जड होतं. थर्माकोल चांगला उचलतो, पण तुकडे पडतात, म्हणून पोत्यात शिवून वापरा. ट्यूब भरपूर उचलते, पण पोरगं मधून निसटतं किंवा ट्यूबसकट उलटतं. झाकण घट्ट असलेला प्लॅस्टिकचा डबा स्वस्त आणि घरोघरी आहे. मात्र औषधाचा, फवारणीचा डबा पोरांच्या अंगाला बांधू नका.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पाठीवरचा डबा पोहायला शिकण्यापुरता बरा. माणूस बेशुद्ध झाला तर तोच डबा त्याला पालथा ठेवतो. चांगल्या लाइफ जॅकेटचा फुगवटा छातीकडे जास्त असतो, तो तोंड वर ठेवायला मदत करतो. आणि काहीही बांधलं तरी काठावर जाणतं माणूस पाहिजेच.

दगडाची परीक्षा

काळा दगड पाण्यात बुडाला की सुमारे एक तृतीयांश हलका होतो. म्हणून ७ किलोची परीक्षा घ्यायला साडेदहा किलोचा दगड तोला. तो दोन डब्यांना बांधून पाण्यात सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी डबे वर असतील तर पास. खाली गेले असतील किंवा आत पाणी खेळत असेल तर झाकण बदला, नाहीतर डबा बदला. गाठीही ओढून पाहा. ओली सुतळी ऐन वेळी दगा देते.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी एवढं मनावर घ्यावं: प्रत्येक तळ्याच्या काठी खुंटीला २० मीटर दोर आणि त्याच्या टोकाला असे दोन डबे असावेत. चारही उतारांवर, वर पक्के बांधलेले, गाठी मारलेले दोर आत सोडलेले असावेत. तळ्याला कुंपण असावं. दरवर्षी मृगाच्या आधी दगडाची परीक्षा पुन्हा घ्यावी. शाळेतल्या पोरांना एकच वाक्य पाठ करायला लावावं: "कुणी बुडताना दिसलं तर उडी नको, डबा फेक आणि मोठ्याने हाका मार."

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट किल्लारीने सोसली आहे. संकट सांगून येत नाही, हे इथे कुणाला समजावायला नको. भूकंप आपल्या हातात नव्हता. तळ्याकाठचा दोर आणि डबा मात्र आपल्या हातात आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. तसा माणूस बुडायला लागल्यावर डबा शोधत बसण्यात अर्थ नाही. या आठवड्यातच एक दगड तोला आणि आपला डबा पारखून घ्या.