घर ४०० चौरस फुटांचे, खेळणी टोपलीभर नव्हे पोतेभर : कमी खर्चात पसारा कसा आवरायचा?

मुलाचा वाढदिवस होऊन आठवडा उलटला की घरातले चित्र साधारण सारखेच असते. सोफ्याखाली दोन गाड्या, स्वयंपाकघराच्या दारात ठोकळे, देव्हाऱ्यासमोर एक पाय नसलेला डायनासोर आणि न उघडलेली तीन खोकी कपाटावर. मग कोणीतरी ऑनलाइन ‘टॉय ऑर्गनायझर’ शोधते, हजार-दोन हजार रुपये खर्च होतात, महिनाभर घर नीट दिसते आणि पुन्हा मूळपदावर येते. यात चूक डब्यांची नसते. खेळणी ‘कशात ठेवायची’ हा प्रश्न दुसरा आहे, ‘एका वेळी किती बाहेर ठेवायची’ हा पहिला. आणि पहिल्याचे उत्तर फुकट मिळते.

पसारा हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे का?

नाही. आमच्या घरी हा विषय गंभीरपणे घेतला गेला तो माझ्या आईचा पाय रात्री पाणी प्यायला उठल्यावर लोखंडी गाडीवर पडला तेव्हा. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते. ज्या घरात रांगते मूल आणि सत्तरीच्या आजी-आजोबा एकाच खोलीत वावरतात, तिथे जमिनीवरची छोटी वस्तू दोघांनाही धोकादायक असते. आजीचा पाय घसरतो आणि बाळ ती तोंडात घालते.

त्यात सर्वांत घातक वस्तू म्हणजे बटणासारखी चपटी बॅटरी. दिवे लागणाऱ्या, गाणी म्हणणाऱ्या स्वस्त खेळण्यांत ती असते. गिळल्यावर ती अन्ननलिकेत अडकली तर ओलाव्यामुळे तिच्यातून प्रवाह वाहू लागतो आणि अवघ्या दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते. बाहेरून मूल फक्त लाळ गाळते किंवा खायला नको म्हणते, त्यामुळे शंका जरी आली तरी ‘शौचातून पडेल’ म्हणून वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. लहान पण शक्तिशाली चुंबकांचेही तसेच. एकापेक्षा जास्त गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन पदरांतून एकमेकांना ओढतात. पाण्यात फुगणारे रंगीत मणीही याच यादीतले, कारण ते पोटातही फुगतात.

मग सुरुवात कुठून करायची?

सगळी खेळणी एका चादरीवर ओतण्यापासून. हे काम रविवारी दुपारी मूल झोपलेले असताना करावे, कारण जागे असेल तर वर्षभर न पाहिलेल्या वस्तूवर त्याचा जीव अचानक जडतो. तुटलेली, सुटे भाग हरवलेली, वयाच्या मागे पडलेली आणि वयाच्या पुढची, असे ढीग आपोआप पडत जातात. टाकून देण्याचा निर्णय मात्र मुलाच्या पाठीमागे घेऊ नये. एकदा हरवलेले खेळणे कचऱ्याच्या पिशवीत दिसले, की त्यानंतर ते मूल काहीच सोडायला तयार होत नाही. चार वर्षांच्या पुढच्या मुलाला विचारले तर ते आश्चर्यकारकरीत्या उदार असते, अट एवढीच की कोणाला द्यायचे तेही त्याला ठरवू द्यावे.

घरात तीन वर्षांखालील मूल असेल, तर मोठ्या भावंडाची लहान खेळणी वेगळी काढणे हे पहिले काम. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत साधारण ३.२ सेंटिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती या वयाला घशात अडकण्याजोगी मानली जाते. घरी जाड कागदाची चार सेंटिमीटर रुंद नळी करावी, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षिततेच्या बाजूने होते. जे नळीत गेले ते झाकणाच्या डब्यात आणि डबा खांद्याच्या उंचीवर.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. खोके टाकून देण्याआधी त्यावरची वयाची सूचना कापून डब्यावर चिकटवावी. दोन वर्षांनी धाकटे त्या वयाला येते तेव्हा ती कोणालाच आठवत नसते.

सगळी खेळणी समोर का ठेवू नयेत?

अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांची ३६ मुले, एकदा समोर चार खेळणी, एकदा १६. चारच खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी अधिक वेगवेगळ्या प्रकारे खेळली. १६ असताना ती एकावरून दुसऱ्याकडे जात राहिली. अभ्यास लहान आहे, त्याची पोथी करू नये. पण ज्यांनी वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मुलाला खोक्यांच्या राशीत कंटाळून बसलेले पाहिले आहे, त्यांना तो पटेल.

खरे तर ही पद्धत मराठी घराला नवी नाही. दिवाळीतल्या किल्ल्यावरचे मावळे, गवळण, सिंहासनावरचे महाराज ही चित्रे वर्षभर वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर असतात. वसुबारसेच्या आसपास खोके खाली येते आणि एकेक पुडी उघडताना होणारा आनंद नव्या खेळण्याच्या तोडीचा असतो. ‘अरे, हा तोफवाला अजून आहे!’ भातुकलीची पत्र्याची पेटीही अनेक घरांत उन्हाळ्याच्या सुट्टीतच उघडायची. आज ज्याला ‘टॉय रोटेशन’ म्हणतात ते एवढेच आहे.

करायचे असे : खेळण्यांचे तीन-चार गठ्ठे करावेत आणि प्रत्येक गठ्ठ्यात थोडे बांधायचे, थोडे ढकलायचे, थोडे नाटक करायचे आणि एखादे कोडे किंवा पट असावा. एक गठ्ठा बाहेर, बाकीचे दिवाणात किंवा माळ्यावर. दोन-तीन आठवड्यांनी बदल. तारखेचा हट्ट नको. मूल रोज त्याच गोष्टीत तासभर बुडालेले असेल तर ती काढून घेण्याचे कारण नाही. ज्याला मिठी मारून ते झोपते तो अस्वल किंवा ससा या फेऱ्यात कधीच येत नाही.

मुलाने स्वतः आवरावे, यासाठी काय लागते?

उंची आणि उघडेपणा. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील कामगार वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या पद्धतीत साहित्य मुलाच्या हाताला येईल अशा बुटक्या, उघड्या मांडणीवर असते आणि प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे बालशिक्षणाचे काम केले, तेव्हा महागडे साहित्य परवडणारे नव्हते. शंख-शिंपले, बिया, दगड, पाने हेच तिथले साहित्य झाले. कमी पैशांत मांडणी नीट होऊ शकते, याचा याहून जवळचा दाखला शोधायला नको.

घरात याचा अर्थ असा, की टीव्हीखालच्या युनिटचा खालचा कप्पा किंवा जुन्या शोकेसचा तळ खेळण्यांना द्यावा. कप्प्यात खोल पेटी नको. खोल पेटीत तळाची गाडी हवी असेल तर मूल अख्खी पेटी उलटी करते, आणि आपण त्याला ‘पसारा करतो’ म्हणतो! त्याऐवजी उथळ टोपल्या आणि परात असतील तर वरून सगळे दिसते.

वर्गीकरण मुलाच्या डोक्याने करावे. आपल्याला प्लास्टिकचे एकीकडे आणि लाकडाचे दुसरीकडे सुचते. मुलाच्या लेखी गाड्या, सिग्नल, चार ठोकळे आणि एक गाय मिळून ‘रस्ता’ होतो. मग ‘रस्ता’ हीच एक टोपली. तीन-चार टोपल्यांच्या वर जाऊ नये, कारण दहा प्रकारांत आवरायला मोठी माणसेही कंटाळतात. अक्षर न येणाऱ्या मुलासाठी टोपलीवर त्या वस्तूचे चित्र चिकटवावे, जुन्या खोक्यावरचे कापले तरी चालते. ‘आवर बरं सगळं’ या वाक्यातून दोन वर्षांच्या मुलाला काहीही कळत नाही. ‘गाड्या टोपलीत’ एवढे कळते. वेळ रात्रीच्या जेवणाआधीची. जेवणानंतर झोप डोळ्यांवर असते आणि भांडण ठरलेले.

डबे-टोपल्या विकत न घेता काय वापरता येईल?

श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे डबे यात अव्वल. ठोकळे, मणी, पटाच्या सोंगट्या त्यांत नेमक्या मावतात आणि झाकण घट्ट बसते. बुटांची खोकी पत्ते, कोडी आणि खडूंसाठी. किराणा दुकानातली मजबूत खोकी मागितली तर बहुतेक वेळा फुकट मिळतात. कडांना कापडी चिकटपट्टी लावली की वर्षभर टिकतात. तांदळाच्या चेन असलेल्या पाच-दहा किलोच्या पिशव्या धुऊन वाळवल्या की माळ्यावरच्या गठ्ठ्यांसाठी उत्तम. पत्र्याचे तेलाचे डबे मात्र टाळावेत, कापलेल्या कडेने बोट कापते.

एक गोष्ट आवर्जून करून पाहावी. जुनी सुती चादर गोल कापायची, साधारण पाच फूट व्यासाची. कडेला नेफा शिवून त्यात नाडी ओवायची. खेळताना ती पसरून त्यावरच ठोकळे मांडायचे, झाले की दोन्ही टोके ओढायची. चादरीचे बोचके होते आणि शेकडो ठोकळे अर्ध्या मिनिटात आत. बोचके खुंटीला अडकवायचे, पण नाडीचे लांब टोक लोंबत ठेवायचे नाही. लहान मुलाच्या गळ्याला दोरी हा धोका असतोच.

आम्ही पुण्यातल्या बुरूड आळीतून बांबूच्या दोन उथळ टोपल्या ३२० रुपयांना आणल्या. नाडी आणि चिकटपट्टी ७० रुपये. बाकी घरातलेच. टोपली घेताना कडेवर हात फिरवून कुसळ पाहावे.

विकत घ्यायचेच असेल तर झाकणाची जड लाकडी पेटी घेऊ नये, झाकण बोटांवर किंवा डोक्यावर पडते. उंच उघडे कपाट घेतले तर ते भिंतीला स्क्रूने बांधणे अत्यावश्यक, कारण मुले कप्प्यांची शिडी करतात. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायला मालक नाही म्हणत असेल, तर गुडघ्याच्या वर जाणारे फर्निचर या कामासाठी नकोच.

पावसाळ्यात खेळणी खराब का होतात?

कोकण, मुंबई, गोवा इथल्या वाचकांना हे सांगायला नको. बंद प्लास्टिक पिशवीत ओलसर मऊ खेळणी ठेवली की बुरशी धरते आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलाला ती सोसत नाही. जूनच्या आधी मऊ खेळणी उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून वॉशिंग मशीनमध्ये धुवावीत, उन्हात कडकडीत वाळवावीत आणि सुती पिशवीतच ठेवावीत. डांबराच्या गोळ्या खेळण्यांत कधीही टाकू नयेत. त्या विषारी असतात आणि पांढऱ्या गोळीला लिमलेटची गोळी समजणारे मूल कोणत्याही घरात असू शकते. ठेवणीतल्या प्रत्येक खेळण्यातून सेल काढून घ्यावेत. गळलेल्या सेलमुळे चांगले खेळणे कायमचे बंद पडते.

आणि येणारी खेळणी कशी रोखायची?

हा सगळ्यात अवघड भाग, कारण इथे नातेवाईक येतात. आजीला ‘काही आणू नका’ म्हणणे तिला दुखावणारे असते. त्यापेक्षा ‘हे खेळणे तुमच्याकडेच राहू दे, तो आला की खेळेल’ असे सांगावे. आजोळी ठेवलेले खेळणे आपल्या घराची जागा खात नाही आणि तिथे जायची ओढही लावते. मामा-काकांनी विचारलेच तर पुस्तक, पोहण्याच्या वर्गाची फी किंवा सर्कसचे तिकीट सुचवावे. वाढदिवसाच्या परतभेटीत येणाऱ्या पाच मिनिटांच्या प्लास्टिकसाठी एकच छोटा डबा ठरवावा. तो भरला की नवे आत जाण्यासाठी जुने बाहेर, आणि कोणते ते मूल ठरवणार.

चांगली खेळणी अंगणवाडीला द्यायची असतील तर आधी सेविकाताईंना विचारावे. त्यांना पूर्ण संच, धुतलेले आणि न तुटलेले हवे असतात. अर्ध्या कोड्यांचा त्यांनाही उपयोग नाही. बॅटरीवर चालणारे बंद खेळणे ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत विजेवर चालणाऱ्या खेळण्यांचाही समावेश आहे, त्यामुळे ते ई-कचरा संकलनातच द्यावे.

आमच्याकडचा एक पाय नसलेला डायनासोर यापैकी कुठेच गेला नाही. तो ‘रस्ता’ टोपलीत आहे. अपघात झालेला प्राणी म्हणून त्याला तिथे रोजचे काम आहे, असे मालकाचे म्हणणे आहे.