वर्षभर जपलेले मोहफूल कसे पारखावे

फ्रान्सच्या बोर्दो भागातली चांगली लाल वाइन घरच्या तळघरात वीस-वीस वर्षे ठेवतात. गारवा १२-१३ अंशांचा, अंधार, आणि बूच सुकू नये म्हणून बाटली आडवी. उघडल्यावर आधी रंग पाहतात, मग वास घेतात आणि शेवटी घोट. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याच्या गावांत अशी तळघरे नाहीत, पण साठवलेला जिन्नस डोळ्यांनी, हाताने, नाकाने आणि जिभेने पारखण्याची विद्या इथेही तितकीच पक्की आहे. फरक एवढाच की तिथे पेय जपतात, इथे फूल.

या दोन मुलखांची गाठ पूर्वीही पडली आहे. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्झेरा किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उजाड केले, त्या काळात मुंबईहून मोहफुले जहाजाने फ्रान्सला जात आणि तिथे त्यांचा मद्यार्क काढला जाई. मागणी होती ती फुलातल्या साखरेला. नीट वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते.

पारख वेचण्यापासूनच सुरू होते. मार्च-एप्रिलमध्ये फुले रात्री उमलतात आणि पहाटे झाडाखाली सडा पडतो. ती ताजी, रसरशीत असतानाच उचलावी लागतात, कारण ऊन चढले की फुले आंबू लागतात. झाडाखाली जाळी किंवा जुने लुगडे अंथरले तर माती लागत नाही आणि जागा साफ करायला पाचोळा पेटवावा लागत नाही. त्या आगीतून वणवे लागतात. वाघाच्या या मुलखात एकट्यादुकट्याने पहाटे जंगलात जाऊ नये, हेही सांगायला हवे.

मग वाळवण. फूल पातळ थरात पसरून कडक उन्हात चार-पाच दिवस हलवत राहायचे. मलईसारखा पिवळसर रंग तांबूस होतो. आतले केसर काठीने हलके झोडपून वेगळे करायचे, नाहीतर चव कडसर लागते. पूर्ण गार झाल्यावरच शेणामातीने लिंपलेल्या कणगीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात दाबून भरायचे. साखर हवेतली ओल ओढते. फुलात पाणी कमी असेपर्यंत बुरशी आणि यीस्ट निपचित पडून राहतात. पावसाळ्यात ओल शिरली की दोन्ही जागे होतात.

आता वर्षभराने कणगी उघडा.

रंग तांबूस-तपकिरी असेल तर उत्तम. थोडा काळपटपणा साखर आणि प्रथिनांच्या जुन्या होण्यातून येतो, त्याने बिघडत नाही. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ते फूल टाकून द्यावे, जनावरांनाही घालू नये. मग मूठभर फुले घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर ती हळूहळू सुटी झाली तर माल कोरडा आहे. गोळा तसाच राहिला आणि तळव्याला पाक चिकटला तर ओल शिरली आहे. वास मनुकांसारखा गोड आणि किंचित धुरकट हवा. आंबट वास म्हणजे आंबणे सुरू झाले, कुबट वास म्हणजे बुरशी धरली. शेवटी एक फूल तोंडात धरा. आधी गोडवा, मग हलका तुरटपणा. कडसरपणा रेंगाळला तर केसर राहिले आहेत.

चारही कसोट्यांना उतरलेले फूल धुऊन उकडले की तिळाबरोबर कुटून लाडू होतात, कणकेत मळून पुऱ्या होतात. दुष्काळात याच फुलांनी घरे जगवली आहेत.

२०२१ साली राज्य सरकारने मोहफुले गोळा करणे, बाळगणे आणि विकणे यांवरचे निर्बंध उठवले. त्यामुळे घरी साठा ठेवून योग्य वेळी विकता येतो. हंगामात भाव पडतो आणि तेव्हाच गरज म्हणून फुले विकली जातात. पावसाळ्यात तीच फुले महागाने विकत घ्यावी लागतात. ज्या घरात फूल कोरडे राखायची आणि पारखायची कला आहे, त्या घराला हा तोटा सोसावा लागत नाही. म्हणून गावातल्या जाणत्या बायांकडून ही पारख शिकून घ्यावी आणि चांगल्या फुलाची प्रत वेगळी काढून त्याचा वेगळा भाव मागावा.