‘सेव्हन ए क्वालिटी’ म्हणजे नक्की काय?

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी तो इथे लिहून टाकतोय. चाकणच्या बसमध्ये रेंज गेली तरी वाचता येईल.

मागच्या महिन्यात माझा आतेभाऊ आमच्याकडे चिंचवडला आला. चाकण एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत ट्रेनी आहे, क्वालिटी डिपार्टमेंटला. मनगटावर भलंमोठं चकाकणारं घड्याळ. "दादा, अडीच हजारात! फर्स्ट कॉपी, सेव्हन ए क्वालिटी. जपानी मशीन, ऑटोमॅटिक, वॉटरप्रूफ." इन्स्टावरून मागवलेलं. पुढचं ऐकून मात्र मी चहा खाली ठेवला. साठवलेल्या स्टायपेंडमधून अशी वीस घड्याळं घेऊन तो रिसेलर होणार होता.

मी काही घड्याळजी नाही, कोड लिहितो. पण स्पेसिफिकेशन वाचायची सवय आहे. म्हटलं, चल, एकेक दावा तपासू.

सेव्हन ए. मी विचारलं, "तुझ्या कंपनीत ड्रॉइंगशिवाय पार्ट पास करतोस का?" नाही म्हणाला. मग सेव्हन ए चं ड्रॉइंग कुठंय? असं कुठलंही अधिकृत मानक नाही. विकणारा स्वतःच पेपर काढतो आणि स्वतःच मार्क देतो.

ऑटोमॅटिक. सेकंद काट्याकडे बघा. ऑटोमॅटिक घड्याळात बॅटरी नसते. त्यातला काटा सेकंदाला साधारण 6 ते 8 बारीक पावलं टाकतो, म्हणून सरकल्यासारखा दिसतो. भावाचा काटा सेकंदाला एकच उडी मारत होता. म्हणजे आत बॅटरीवरचं साधं क्वार्ट्‌झ. त्यातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. हा आकडा 15 वेळा निम्मा केला की उरतो 1, तीच ती उडी. वेळ छान दाखवतं हो, पण ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द खोटा.

जपानी मशीन. हे खरंही असू शकतं. साधी जपानी क्वार्ट्‌झ मशीन स्वस्त असतात आणि सुट्टी विकत मिळतात. पण त्यावरून केस, काच, पट्टा यांच्याबद्दल काहीच कळत नाही.

वॉटरप्रूफ. अस्सल घड्याळावरही ‘30 मीटर’ म्हणजे 30 मीटर खोल पोहा असं नसतं. तो प्रयोगशाळेतल्या दाबाचा आकडा. रोजच्या वापरात हात धुताना उडालेलं पाणी, बस्स. नकली घड्याळावर तर आकडा नुसता छापलेला. ती टेस्ट कोणी केली, हे विचारायलाही कोणी नाही.

छोट्या डायल. बाजूची बटणं दाबली. काहीच हललं नाही. भाऊ गप्प.

आता मुख्य मुद्दा. ‘फर्स्ट कॉपी’ म्हटलं की काहीतरी कायदेशीर दुय्यम प्रत वाटते ना? तशी वर्गवारी कायद्यात नाहीच. दुसऱ्याचं नाव परवानगीशिवाय छापलेला माल म्हणजे नकली माल. ट्रेडमार्क कायदा, 1999 चं कलम 104 असा माल विकणाऱ्याला आणि विक्रीसाठी जवळ बाळगणाऱ्यालाही लागतं. शिक्षा 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. योग्य काळजी घेतली होती, माल नकली असल्याची शंका यायचं कारण नव्हतं, हे विकणाऱ्याने सिद्ध केलं तर तो सुटू शकतो. पण ज्याने स्वतःच पोस्टमध्ये ‘फर्स्ट कॉपी’ लिहिलंय, तो हे कुठल्या तोंडाने सांगणार? आणि मोठा सप्लायर नंबर बदलून गायब होईल. पार्सलवर नाव असेल ते रिसेलरचं.

भावाने वीस घड्याळांचा विचार सोडला. हातातलं मात्र अजून घालतो. "दिसतं तर भारी ना, दादा," म्हणतो. दिसतंच! त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तुम्हीही असे दावे ऐकून फसला असाल, तर स्क्रीनशॉट, बिल, पेमेंटची नोंद जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. आणि अडीच हजारच खर्चायचे असतील तर त्यात स्वतःच्या नावाने विकलं जाणारं, बिल आणि वॉरंटीवालं घड्याळ आरामात मिळतं.

भेटू पुढच्या एपिसोडला. तोवर काट्याकडे बघत राहा!