गिटारच्या सुराची जवारी

तंबोऱ्याच्या तारा सुरात आल्या म्हणजे तो जुळला असे जाणकार म्हणत नाहीत. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून जवारी लागली, की तोच षड्ज भरीव होऊन गुंजू लागतो. सूर तोच असतो, पण त्याच्याबरोबर उठणारे उपस्वर बदलतात. विजेच्या गिटारच्या बाबतीत हे जवारीचे काम पुष्कळसे तिचा ॲम्प्लिफायर करतो. तो व्हॉल्व्हचा आणि घरी बांधलेला असेल, तर ही जवारी आपल्या हातानेही लावता येते. ती कशी, हे येथे पाहू.

उदाहरणासाठी फेंडर या अमेरिकन कंपनीचा 1950 नंतरच्या दशकातला ‘चॅम्प’ घेऊ. त्याची मांडणी इतकी सोपी आहे, की आजही अनेक हौशी मंडळी पहिला ॲम्प्लिफायर याच नमुन्यावर बांधतात. त्यात तीनच व्हॉल्व्ह असतात. 12एएक्स7 या व्हॉल्व्हच्या पोटातील दोन ट्रायोड गिटारचा क्षीण संदेश दोन टप्प्यांत मोठा करतात, 6व्ही6 हा व्हॉल्व्ह स्पीकर हलवतो आणि 5वाय3 विजेचा पुरवठा एकदिश करतो. शक्ती जेमतेम 5 वॅट.

आता आवाज ‘गोड’ का लागतो ते पाहू. व्हॉल्व्हला त्याच्या मर्यादेपलीकडे रेटले, की संदेशाच्या लहरीचे माथे चेपले जाते व मूळ सुरात नसलेले उपस्वर निर्माण होतात. एका ट्रायोडमध्ये लहरीच्या दोन्ही बाजू सारख्या चेपल्या जात नाहीत, त्यामुळे दुपटीचा उपस्वर ठळकपणे उमटतो. मूळ सूर मध्य षड्ज मानला, तर हा झाला तार षड्ज. तिपटीचा उपस्वर म्हणजे तार पंचम. दोघेही षड्जाचे सख्खे सोबती! रेडिओच्या दृष्टीने जो दोष, तोच गिटारच्या दृष्टीने अलंकार ठरतो तो असा.

पहिला बदल कॅथोडपाशी करायचा. पहिल्या ट्रायोडच्या कॅथोडला 1500 ओहमचा रोध असतो. संदेशाबरोबर या रोधावरचा दाबही वरखाली होतो आणि तो संदेशालाच विरोध करतो. म्हणून तेथे आवाज सुमारे 30 पटच वाढतो. रोधाला समांतर 25 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडला, की हा विरोध नाहीसा होऊन वाढ सुमारे 60 पट होते. कंडेन्सरचे धन टोक कॅथोडकडे हवे. त्याऐवजी 0.68 मायक्रोफॅरडचा लावला, तर सुमारे 150 हर्ट्झच्या वरचे सूरच अधिक उचलले जातात. गिटारची सर्वांत खालची तार 82 हर्ट्झची. असे खर्ज सूर फार मोठे करून पुढे रेटले, तर आवाज चिखलासारखा गढूळ होतो. म्हणून खर्जाला कात्री लावायची ती आवाज चेपला जाण्यापूर्वी.

दुसरा बदल दोन टप्प्यांमधल्या कंडेन्सरचा. तो मागच्या व्हॉल्व्हचा उच्च दाब अडवतो आणि संदेश तेवढा पुढे सोडतो. 6व्ही6 च्या आधी 0.02 ऐवजी 0.0047 मायक्रोफॅरडचा घातला, की खर्ज आवरतो व सूर मोकळे होतात.

तिसरा बदल सर्वांत धीट. स्पीकरकडून 22 हजार ओहमच्या रोधातून संदेशाचा थोडा अंश मागे, दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडकडे आणलेला असतो. ही ऋण प्रतिपुष्टी. बेल प्रयोगशाळेतील हॅरोल्ड ब्लॅक यांनी 1927 मध्ये टेलिफोनच्या आवाजातील विकृती घालवण्यासाठी ती शोधली. गिटारवादकाला तीच विकृती हवी असते! हा रोध सोडवला, की आवाज वाढतो व अधिक रांगडा होतो. मात्र कायमचा तोडण्यापेक्षा तेथे एक बटण बसवावे. शांत वादनाला प्रतिपुष्टी हवीशी वाटते.

एवढ्याशा फरकाने काय होणार, असे कोणी म्हणेल. 1962 मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्याच ‘बेसमन’ची मांडणी घेऊन एक ॲम्प्लिफायर बांधला. पहिल्या जागी कमी वाढ देणाऱ्या 12एवाय7 ऐवजी त्यांनी ईसीसी83, म्हणजे 12एएक्स7 चाच युरोपीय अवतार, बसवला. स्पीकरही वेगळे घेतले. त्यातून मार्शल ॲम्प्लिफायरचा आवाज जन्मला आणि रॉक संगीताने तो उचलून धरला.

आता सर्वांत महत्त्वाचे. या पेटीत 300 व्होल्टहून अधिक दाब असतो. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरांत तो दबा धरून बसतो आणि माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून हात घालण्यापूर्वी योग्य रोधातून ते रिते करावेत, मीटरने खात्री करावी आणि जाणकाराला शेजारी बसवावे. स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प्लिफायर कधी चालवू नये. ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते.

शेवटी पथ्य एकच : एका वेळी एकच बदल करावा, टिपून ठेवावा आणि तीच गत वाजवून ऐकावी. कंडेन्सरवरचे आकडे दिशा दाखवतात. निवाडा मात्र कानाचा. जवारी लावणारा कारागीरही दोरा केसभर सरकवतो, थांबतो आणि ऐकतो.