फाळक्यांनी पेरलेला वाटाणा

मुंबईला कामानिमित्त गेलात आणि तासभर वेळ हाताशी असला, तर चर्नी रोडला उतरून ठाकूरद्वार नाक्यावर जा. तिथून गिरगावच्या रस्त्याने प्रार्थना समाजाकडे चालत निघा. पुढे सरदार पटेल मार्ग लागतो, त्याला पूर्वी सँडहर्स्ट रोड म्हणत. या रस्त्यावरच्या कॉरोनेशन थिएटरात ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

हे शेतीच्या पानावर कशाला, असं म्हणाल. तर सांगतो. त्या चित्रपटाआधी, १९१२ साली, आपल्या जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने कुंडीत वाटाणा पेरला होता.

फाळक्यांचे वय तेव्हा चाळिशीपार. छापखान्याची भागीदारी सुटलेली, घरात मिळकत नाही. गिरगावातच त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण असे पडद्यावर यावेत, हा ध्यास घेतला. मग रोज सिनेमा बघणे, रात्री जागून प्रयोग करणे. इतके की दृष्टी गेली. डॉक्टरांच्या उपचाराने ती परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते विलायतेला गेले आणि दोन महिन्यांत शिकून आले. कॅमेरा आला, पण चित्रपटाला भांडवल नव्हते. नुसत्या बोलण्यावर पैसे कोण देणार? पीककर्जाचे कागद घेऊन फिरलेल्याला हे समजावून सांगायला नको.

तेव्हा त्यांनी वाटाणा पेरला. कुंडीसमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडेथोडे चित्रण केले. कोंब, पाने, मग चढणारा वेल, सगळे मिनिटभराच्या पट्टीत. नाव ‘अंकुराची वाढ’. रोज एकच चित्र घेतले असे लिहिलेले आढळते, पण मला तो हिशेब पटत नाही. त्या काळच्या यंत्रावर सेकंदाला साधारण सोळा चित्रे धरली, तर मिनिटाला हजाराच्या आसपास होतात. म्हणजे दिवसाला तीसेक! हँडल हाताने फिरवायचे, आणि कुंडी किंवा कॅमेरा जरा हलला की केलेले वाया.

आमच्या उगवणक्षमतेच्या प्रात्यक्षिकात चौथ्या दिवशी लोक माती उकरून बघतात, “साहेब, काय झालं?” मीही लहानपणी तेच करायचो, खोटं कशाला बोलू!

वाटाणा निवडला तोही योग्यच म्हणायचा. मूग-चवळीची दले वर येतात, वाटाण्याची जमिनीतच राहतात. वर येतो तो आकड्यासारखा वाकलेला कोंब. तो सरळ होतो, पाने फुटतात, मग तणावे आधार शोधू लागतात. बघणाऱ्याला रोज नवे काही.

ही पट्टी फाळक्यांनी मोजक्या मंडळींना दाखवली. त्यातल्या यशवंतराव नाडकर्णींसारख्यांनी कर्ज देऊ केले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. शिवाय फिल्मला भोके पाडायचे काम त्या रात्री अंधारात बसून करत आणि दिवसा चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. लेखांत त्यांना दोन ओळी मिळतात, हे मला नेहमी खटकते.

आता शाळेच्या पोरांसाठी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात थंडी सुरू झाली की वाटाणा रात्रभर भिजवा आणि तळाला भोक असलेल्या कुंडीत दोन-तीन सेंटिमीटर खोल लावा. पाणी बेताचे, नाहीतर बी कुजते. शेजारी काडी रोवा. मोबाइल रोज त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवून दिवसातून दोन-तीनदा फोटो घ्या. कुंडीभोवती खडूने रेघ मारून ठेवा, म्हणजे झाडताना कुणी सरकवली तरी परत जागेवर बसवता येईल.